नारळ ठेवून लिंबू घेईपर्यंत

“…पण सक्ती करावी की नाही, एवढंच सांगा, महाराज.”

महाराज चालत राहिले.

कालव्याच्या कडेची वाट होती. धुकं इतकं दाट, की ऊस दिसतच नव्हता. नुसते त्याचे तुरे वर तरंगत होते. कुठल्यातरी गुऱ्हाळाचा गोड वास येत होता. ते गुऱ्हाळ या काठाला होतं की त्या, कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

विमुक्तनंदी महाराज चालताना पुढची चार हात जमीन बघत. पायाखाली मुंगीसुद्धा येऊ नये, म्हणून दिगंबर मुनींचा तो नियमच. दीक्षेपासून चाळीस वर्षं ते कुठल्याही वाहनात बसले नव्हते, बैलगाडीतही नाही. आणि अशा माणसाला भरतेश चौगुले मोटारींबद्दल विचारत होता! ऐकणाऱ्याला हसू आलं असतं. भरतेशला येत नव्हतं.

तो सरकारी समितीवर होता. दोन वर्षांनंतर विकली जाणारी प्रत्येक नवी मोटार विजेवरची हवी, निदान वीज आणि पेट्रोल अशा दोन्हींवर चालणारी तरी हवी, असं टिपण त्याने लिहिलं होतं. मन लावून लिहिलं होतं. आज संध्याकाळपर्यंत ते पाठवायचं होतं.

आणि त्याचा थोरला भाऊ सुकुमार याच गावात फौंड्री चालवत होता. तिथे मोटारींच्या डिझेल इंजिनांची हेडं, म्हणजे वरची झाकणं, ओतली जात. साठ माणसं कामाला. टिपणाची बातमी कळल्यापासून, म्हणजे महिनाभर, सुकुमारअण्णा धाकट्याशी एक अक्षर बोलला नव्हता. तीन दिवस भरतेश त्याच्याच घरी उतरला होता, तरीही.

महाराजांचा शब्द मात्र अण्णा कधी मोडत नसे. म्हणून ही सकाळची पायपीट.

“धूर वाढलाय, महाराज. पुण्यात खिडकीवर बोट फिरवलं तर काळं होतं.”

“मी डांबरी रस्त्यानं चालतो,” महाराज म्हणाले. “धूर तुझ्यापेक्षा जास्त खातो.”

“म्हणजे तुम्हाला पटतंय?”

“तुझा नियम कुणाला लागू?”

“सगळ्यांना. नवी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला.”

“तुला?”

“माझी गाडी विजेचीच आहे की!” भरतेश जरा अभिमानानेच म्हणाला.

“मग तुझं काय सुटलं?”

पण भरतेश वाद घालण्यात मुरलेला माणूस. असा सहजासहजी हरणारा नव्हता.

“तुमचाही नियम आहेच की, महाराज. तोही कडक.”

“तो माझ्यापुरता.”

“तुमच्यापुरता?” भरतेश थांबला. “आज तिसरा दिवस. तुम्ही मनात अट धरून बस्तीतल्या देवापुढून आहाराला निघता, ती कुठल्याच दारात जुळत नाही, आणि तुम्ही उपाशी परत जाता. तुम्ही उपाशी म्हणून वहिनीनेही दोन दिवस तोंडात घास घातलेला नाही. काल तिला चक्कर आली. अट काय आहे ते तिला माहीतसुद्धा नाही. आणि नियम म्हणे तुमच्यापुरता!”

बोलून झालं, आणि त्याचं त्यालाच कसंतरी झालं. मुनींशी असं कुणी बोलत नाही.

महाराजही थांबले होते. एवढ्या वाटेत पहिल्यांदाच त्यांनी मान वर केली. धुक्यात त्यांचा चेहरा फार म्हातारा दिसला.

“खरं आहे,” ते म्हणाले.

कालव्याचं पाणी हळू वाहत होतं.

“मग सोडू का अट?”

‘सोडा’ म्हणावं, तर कुठल्या तोंडाने? ‘नको’ म्हणावं, तर वहिनी डोळ्यांसमोर.

“मी कोण सांगणार?”

“खरंच. तू कोण…” महाराजांनी मोरपिसांची पिंछी दुसऱ्या हातात घेतली. “जी उपाशी आहे तिला विचारून ये. मी बस्तीत आहे. आज निघताना अट धरायची की नाही, ती सांगेल तसं.”

भरतेश घरी आला तेव्हा दारापुढे रांगोळी निघाली होती. राजमती वहिनी शुद्ध कपड्यांत उंबऱ्याशी उभी होती, हातात कलश, कलशावर नारळ. चेहरा उतरलेला. बाजूला पाटावर तिने केवढा बाजार मांडून ठेवला होता: लिंबं, केळी, डाळिंब, उसाचं कांडं, दुसरा कलश, बदामाची वाटी. महाराजांनी मनात काय धरलंय कुणाला ठाऊक? ते दारावरून जाताना जे हातात असेल ते जुळलं तर जुळलं.

सुकुमारअण्णा तिच्याशेजारी उभा होता. भरतेशला बघून त्याने नजर रस्त्याकडे वळवली.

“वहिनी, महाराज विचारतायत, अट सोडू का?”

राजमती वहिनीने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्यालाच ताप चढला असावा.

“सोडायची? ती कशाला, भाऊजी?”

“तुम्ही उपाशी आहात म्हणून.”

“मग? अट न्हाई तर मुनी कशाला म्हणायचं त्यास्नी? सोडायची न्हाई म्हणावं.” ती जरा घुटमळली. हातातला कलश तिने काखेशी टेकवला. “पर एक सांगशीला का?”

“सांगा.”

“म्हाराज भराभर पुढं जात्यात ओ. मी नारळ धरून हुबी असते. नारळ न्हाई जुळला म्हणून लिंबू घ्यायला वाकावं, तवर ते पुढच्या चौकात पोचलेलं असत्यात. कालबी तसंच, परवाबी तसंच. बाजूला एवढं सगळं मांडलंय, त्यातलं एकबी धरून बघाय मिळालं न्हाई.” तिने कलश पुन्हा नीट धरला. “अट धरा म्हणावं. काय पायजे ती धरा. पर माझ्या दारावरनं जरा दमानं जावा. नारळ ठेवून लिंबू घेईपर्यंत तरी…”

सुकुमारअण्णा रस्त्याकडेच बघत होता.

भरतेशला एकदम फार लाज वाटली. टिपणातली ‘दोन वर्षं’ त्याने एका दुपारी, चहा येईपर्यंतच्या वेळात ठरवली होती.

तो बस्तीत गेला आणि वहिनीचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, तिच्याच शब्दांत.

महाराजांनी डोळे मिटून ऐकलं. मग उठले. देवापुढे क्षणभर उभे राहिले, आहाराला निघाल्याची खूण म्हणून उजव्या हाताची बोटं खांद्याशी नेली आणि निघाले.

धुकं विरत चाललं होतं, पण ऊन अजून दुधासारखं होतं. गल्लीत दारादारातून इथे थांबण्याची एकच साद उठत होती: “हे स्वामी, नमोस्तु, नमोस्तु! अत्र तिष्ठ! तिष्ठ!” महाराज एकेका दारापुढे येत आणि थांबत. लोक गोंधळले. एवढा वेळ हाताशी असेल असं कुणाला वाटलंच नव्हतं.

सुकुमारच्या दाराशी ते आले.

नारळ… महाराज उभे.

वहिनीने नारळ ठेवला, लिंबू घेतलं. महाराज उभे.

मग केळी. मग कलशावर कलश. उभं राहण्याच्या बाजूचीच अट असेल म्हणून ती डावीकडून उजवीकडे झाली, अण्णा उजवीकडून डावीकडे. डाळिंब निसटलं, गडगडत पायरीवर गेलं. अण्णाने धावत जाऊन ते उचललं आणि तिच्या ओंजळीत दिलं. कुणी घाई करत नव्हतं. सगळी गल्ली पाण्याखाली असल्यासारखी हळू झाली होती, आणि त्या दोघांना रडू येतंय की हसू, ते लांबून कळत नव्हतं.

मधेच केव्हातरी महाराजांनी खांद्यावरचा हात उतरवला.

जुळलं होतं! नेमकं काय जुळलं, ते कुणालाही समजलं नाही. वहिनी आणि अण्णा त्यांना प्रदक्षिणा घालू लागले.

आहार झाला. भरतेश शुद्ध कपड्यांत नव्हता, म्हणून तो अंगणातच उभा होता. आतून भांड्यांचा आवाज येत होता, वहिनीचा हलका आवाज येत होता. त्याने खिशातून टिपण काढलं आणि ‘दोन’वर काट मारली. पुढे किती लिहावं ते त्याला सुचेना. पाच लिहिले. ते खोडून सात लिहिले.

परतताना महाराजांचा कमंडलू त्याने हातात घेतला. बस्तीची वाट आता स्वच्छ दिसत होती.

“महाराज, सक्ती ठेवतोय,” तो म्हणाला. “मुदत वाढवली. सात वर्षं. वहिनी म्हणाली तसं, दमानं.”

महाराज जमीन बघत चालले होते.

“आता तरी बरोबर आहे ना? सात पुरेत ना, महाराज? की जास्त झाली? धुराचाही विचार करायला हवा.”

महाराज थांबले. भरतेशच्या हातातून त्यांनी कमंडलू परत घेतला.

“हे मला का विचारतोस? तुझा भाऊ जेवला का?”