भानुदास आपलं आपण करतो

एका गावात एक भोळा भिडू होता. नाव भानुदास.

भिडू कसला? तर दर रविवारी वाचनालयात एक खेळ रंगायचा. इंदूताई गोष्ट सांगायच्या. बाकीच्यांनी गोष्टीतलं एकेक सोंग घ्यायचं आणि आपलं सोंग काय करतं ते बोलायचं. जमलं की फसलं, ते फासा ठरवायचा. या गोष्टीत राक्षसाने एका गावाचा झरा कोंडला होता, तो सोडवायचा होता. भानुदास सरदार होता, तोही शूर. तरी पाळी आली की विचारायचा, "ताई, मी काय करू?"

चार महिने ऐकून इंदूताई वैतागल्या. "मला नको विचारूस. आपलं आपण काहीतरी कर."

"बरं," भानुदास म्हणाला.

पुढे नदी लागली. काठाला एकच नाव. भानुदासने ती सोडली आणि एकटाच पलीकडे गेला. तिघे सोबती दोन रविवार काठावर बसून राहिले.

"अरे, आधी सोबत्यांना विचारावं," ताई म्हणाल्या.

"बरं."

पुढच्या रविवारी वाघाने झडप घातली. भानुदासने सोबत्यांना विचारलं, "तलवार काढू का?" दोघे ओरडले, "काढ." तिसरा चहा आणायला गेला होता. भानुदास त्याच्यासाठी थांबला. वाघ थांबला नाही. सरदाराचा डावा हात गेला.

"समोर कोणी आलं की विचारत बसू नये," ताई म्हणाल्या. " सरळ तुटून पडावं."

"बरं."

मग एक म्हातारी आली. राक्षसाच्या गुहेची वाट तिला एकटीला ठाऊक होती. तिने तोंड उघडलं आणि भानुदास तुटून पडला. फाशावरही नेमके सहा पडले आणि म्हातारी जागीच गेली. वाट शोधण्यात तीन रविवार गेले.

सोबती आता चिडले होते. "अजून एक घोळ, की हा खेळाबाहेर." भानुदासचा चेहरा एवढासा झाला. रविवारशिवाय त्याला होतं काय? इंदूताईंना त्याची कीव आली. "भेटेल त्याच्याशी आधी गोड बोलावं, बाबा. काय हवं ते विचारावं. होईल ती मदत करावी."

"बरं."

शेवटी गुहा आली. राक्षस घोरत होता. सोबती श्वास रोखून खांबांमागे लपले. झऱ्यावरची शिळा तेवढी सरकवायची होती.

भानुदासने राक्षसाला हलवून उठवलं. "रामराम. काय हवं तुम्हाला?"

इंदूताईंना राक्षसाचा आवाज काढणं भाग होतं. "एकटाच आलास, का आणखी कोणी आहे?"

"तिघे आहेत की. त्या खांबांमागे."

राक्षसाला अंधारात नीट दिसेना. म्हणून भानुदासने मशाल धरली.