हाकेच्या आधी आलेलं उत्तर

"उत्तर येतं… मग दार का उघडत नाही?"

अच्युतबुवांनी मान वर न करता विचारलं. ते ओसरीवर पळसाच्या पानांच्या पत्रावळी टाचत बसले होते.

"कोठीतलं यंत्र बिघडलंय म्हणून," मांडीवरच्या लॅपटॉपवर बोटं चालवत शर्वाणी म्हणाली.

शर्वाणी संगणकाची इंजिनियर. चांगली नोकरी सोडून वैनगंगेकाठच्या या मठात आली होती. नोकरी सोडली एवढं सोडलं, तर तिने अजून फारसं काही सोडलं नव्हतं.

मठातले चार-दोन संगणक एका तारेने एकमेकांना जोडलेले. प्रत्येकाला आपापला आकडा. ज्याच्याकडून काही हवं, त्याच्या आकड्याला हाक मारायची. त्याने ओ दिली, की त्याच्या पोटातलं मागून घ्यायचं.

कोठीतला संगणक त्यांत सगळ्यांत म्हातारा. त्याचा पडदा वीज पडली तेव्हा गेला, तो गेलाच. तेव्हापासून तो आंधळ्या साधूसारखा कोपऱ्यात बसून असे, आणि जे मागायचं ते तारेवरूनच मागावं लागे. मठात गाऊन गेलेल्या भजनी लोकांचे आवाज त्याच्या पोटात होते. दुसरीकडे कुठेही नव्हते.

त्यातल्या एका आवाजासाठी पायरीवर पार्बताबाई बसली होती.

तिचा नवरा सोमाजी इथे खंजिरीवर भजन म्हणायचा. पावसाळ्यात गेला. दुपारची एसटी चुकली तर गावाला दुसरी गाडी नाही, हे तिने आल्या आल्या सांगितलं होतं, आणि नंतर पुन्हा एकदाही तो विषय काढला नव्हता. शर्वाणीने "पाचच मिनिटं, मावशी," म्हणून तिला बसवलं, त्याला बराच वेळ झाला. पायरीवरची सावली सरकून तिच्या पायांवर ऊन आलं होतं.

"उत्तर किती वेळात येतं?" बुवांनी विचारलं.

"लगेच. हाक पुरी व्हायच्या आत."

"आणि सगळं ठीक होतं तेव्हा?"

"तेव्हा अंमळ थांबावं लागायचं. जुनं यंत्र आहे, बुवा."

"म्हणजे बिघडल्यापासून ते चपळ झालं…"

शर्वाणीला हे झोंबलं. मग तिने बुवांना सगळं नीट समजावून दिलं, लहान मुलाला द्यावं तसं. तार शाबूत आहे. उत्तर येतंय, म्हणजे यंत्र जिवंत आहे. पण आवाज मागितले की माझ्याकडे काही नाहीच म्हणतं. तेव्हा त्याचं डोकं फिरलंय. आता एकच इलाज, पुसून कोरं करायचं.

"आणि आतलं?"

"आतलं गेलंच असं धरा. निदान यंत्र तरी कामाला येईल."

पार्बताबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"जाऊ दे, माय," ती म्हणाली. "यंत्राचंबी वय झालं असन. त्याचंबी झालंच होतं."



बुवांनी हातातली पत्रावळ खाली ठेवली आणि ते उठून कोठीत गेले. शर्वाणी लॅपटॉप छातीशी धरून, त्याची लांब तार फरफटवत, मागोमाग गेली. यंत्रातलं बुवांना काही कळत नव्हतं. कळतं असा आवही त्यांनी कधी आणला नव्हता. तरी ते सरळ त्या जुन्या संगणकाच्या पाठीमागे वाकले, त्याला खोचलेली तार उपटली, आणि तिचं टोक मुठीत धरून जमिनीवर मांडी घालून बसले.

"आता मार हाक."

"तार तुमच्या हातात आहे. आता ते कसं…"

"मार."

मोठ्या माणसाचं मन राखावं म्हणून तिने हाक मारली.

उत्तर आलं.

शर्वाणी अशी दचकली की लॅपटॉप हातून निसटता निसटता राहिला. तिने पुन्हा हाक मारली. पुन्हा उत्तर, तितकंच तत्पर. आणि तार बुवांच्या मुठीतून लोंबत होती…

"कोण बोलतंय?" बुवांनी विचारलं.

जुन्या संगणकाच्या पाठीवर मागे कधीतरी कुणा साधकाने शेंदराने आकडा काढून ठेवला होता. एकशेआठ. जपमाळेच्या मण्यांइतका. त्याच आकड्याला ती सकाळपासून हाका मारत होती.

आणि आज सकाळीच तिने आपला हा नवाकोरा लॅपटॉप पहिल्यांदा मठाच्या तारेला जोडला, तेव्हा त्याला आकडा द्यायची वेळ आली. हाताने आपसूक एकशेआठ घातला. नव्या वहीवर आधी श्री काढावा, तसा. श्री काढल्याचं नंतर कुणाला आठवतं?

रात्रभर बंद असलेलं म्हातारं यंत्र त्यानंतर जागं झालं. आपल्या आकड्यावर आधीच कुणीतरी येऊन बसलंय हे त्याने पाहिलं, आणि ते मुकाट राहिलं. ओ देत होता तो तिच्याच हातातला लॅपटॉप.

"मीच," शर्वाणी म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "मी… मलाच हाक मारत होते."

बुवांनी तारेचं टोक तिच्यापुढे धरलं.

तिने लॅपटॉपला दुसरा आकडा दिला. जो रिकामा होता तो. त्यात पवित्र असं काही नव्हतं. मग तार पुन्हा खोचली आणि हाक मारली.

काही आलं नाही…

काही आलं नाही…

मग आलं. सावकाश, दम खात आल्यासारखं.

दार उघडलं. सोमाजीचं नाव सापडलं. आधी एक खोकला ऐकू आला, मग खंजिरी, आणि मग उंच चढत जाणारा, किंचित फाटका आवाज. पार्बताबाई कधी उठून उंबऱ्यात आली ते कुणाला कळलं नाही. ती निर्विकार चेहऱ्याने ऐकत होती, बाजारात दुसऱ्याचा सौदा ऐकावा तशी. एका जागी मात्र तिने बोट वर केलं.

"इथं चुकते तो," ती म्हणाली. "नेहमीच चुकते."

सोमाजी चुकला.

पार्बताबाई तोंडाला पदर लावून हसली. हसता हसता खाली बसली, आणि मग बराच वेळ पदर तोंडावरून काढला नाही.

शर्वाणीने भजन तिच्या मोबाइलमध्ये भरून दिलं. मोबाइल कमरेला खोचून म्हातारी एसटीच्या रस्त्याला लागली. तिची चाल येतानापेक्षा वेगळी होती, पण ती गाडीच्या घाईमुळेही असेल.

ओसरीवर बुवा परत टाचायला बसले. शर्वाणी शेजारी बसून त्यांना एकेक पान देऊ लागली.

"बुवा…"

"बोल."

"जपाला बसते तेव्हा मलाही उत्तर ऐकू येतं. मनात काही विचारलं की येतं. लगेच येतं." ती थांबली. "आजवर मी ते कुणाला सांगितलं नाही. मला वाटायचं, माझ्यावर कृपा आहे…"

बुवांनी पानात काडी खोचली, जास्तीची मोडून टाकली, आणि पत्रावळ उजेडाकडे धरून कुठे भोक राहिलंय का ते पाहिलं.

"विचारून झालं की जरा थांबत जा, पोरी… त्याला उठून यायला वेळ लागतो."