तांबड्या साळुंकीच्या गळ्यातला दाणा

एका राज्यात नदी होती, पण पाणी नव्हतं. पाणी गेलं कुठं? राजा वज्रभानाच्या कमळतळ्यात. बाहेर कोष्टीवाड्यातल्या बाया कोरड्या घागरी घेऊन उभ्या, आत राजाची कमळं डोलताहेत.

त्याच कोष्टीवाड्यात बकुळावती नावाची गाणारीण होती. तिनं भर बाजारात डफावर थाप मारली नि नदीचं गाऱ्हाणं गायलं. राजाला ते झोंबलं. शिपाई निघाले, तोवर बकुळावती सीमेपार झाली.

आता सात राज्यांचा एक जुना करार होता. एकाकडचा चोर दुसऱ्याकडं लपू नये, म्हणून तांबडी साळुंकी सोडायची. ज्याचं घर लुटलं, त्याच्या घरचा दाणा तिला चारायचा नि चोराचं नाव सांगायचं. दाणा तिच्या गळ्यात राही, नाव सातही वेशींवर घुमे. मात्र राजाच्या रागालोभापायी साळुंकी सोडायची नाही, असं ठरलेलं.

वज्रभानानं ठरलेलं मोडलं. मांत्रिक कज्जलनाथानं साळुंकीवर शाप घातला, "हिच्या हाकेवर जो विश्वास ठेवील, त्याला दाणा कुणाचा हे विचारायचं सुचू नये." साळुंकी ओरडत सुटली, "बकुळावतीनं कोष्टीवाडा लुटला! धरा! बांधा!"

झालं! दारं मिटली, विहिरीवरचे दोर वर ओढले गेले. घरी म्हातारी आई वाट बघतेय नि लेकीला परतायला वाट नाही.

रानात कज्जलनाथच बैराग्याच्या वेषात भेटला. म्हणाला, "पोरी, नाव टाकून दे. दुसरं घे. साळुंकी तुला ओळखायची नाही."

"नाव माझ्या आईनं ठेवलंय, बुवा. खोटं बोलला राजा, नि नाव मी टाकू?"

तशीच ती, सात राज्यांचा करार जिथं झाला होता, त्या टेकडीवर चढली. तिथं राखणीला म्हातारं गिधाड. ते म्हणालं, "तीन कामं कर, खोटा आळ उतरेल. सातही वेशींतून उघड्या तोंडानं, नाव सांगत जा. साळुंकीला जाळ्यावाचून आण. मग सातांच्या सभेत उभी राहा, पण दया मागू नकोस."

बकुळावती भर उन्हात निघाली. पहिल्याच वेशीवर पहारेकऱ्यानं भाला आडवा धरला. "कोण गं तू?"

"बकुळावती. जिच्या नावानं तुमचा पक्षी कोकलतोय, तीच."

पहारेकरी गोंधळला. "चोर का असा येतो, बाई?" भाला आपोआप खाली आला. सातही वेशींवर असंच झालं.

शेवटच्या वेशीच्या कमानीवर साळुंकी बसली होती. ओरडून ओरडून तिचा आवाज फाटलेला. बकुळावतीनं ओंजळीत पाणी धरलं. "ये बाई, पी."

"मी तर तुझी बदनामी केली."

"तू नव्हे, तुझ्या तोंडून दुसऱ्यानं."

साळुंकी पाणी प्याली नि तिच्या मनगटावर येऊन बसली.

सभा भरली. वज्रभान गरजला, "चोरटीचं काय ऐकता? बांधा तिला!"

"दया नको, महाराज," बकुळावती म्हणाली. "साळुंकीच्या गळ्यात दाणा कुणाचा, तेवढं बघा."

शापामुळं जे कुणाला सुचलंच नव्हतं, ते तिनं विचारलं. शाप तिथंच तुटला. साळुंकीनं मान झटकली नि दाणा टाकला. बघतात तो कमळाचं बी!

शेजारच्या राज्याची वृद्ध राणी चंपकमाला हसली. "काय हो वज्रभान, कोष्ट्यांच्या अंगणात कमळं केव्हापासून पिकू लागली?"

"कोष्टी मेले दाणाच देईनात, म्हणून..." वज्रभान बोलून गेला नि जीभ चावून बसला.

बकुळावतीची मान ताठ झाली. तहानेनं जीव जात होता, तरी तिच्या लोकांनी खोटेपणाला एक दाणा दिला नव्हता.

सभेनं निवाडा केला. वज्रभानाच्या हातून साळुंकी कायमची गेली, कज्जलनाथाची विद्या उतरली, तळ्याचा बांध फुटला. साळुंकीचा तांबडा रंग गळून पडला. जिथं जिथं ती ओरडली होती, तिथं तिथं जाऊन तिला सांगावं लागलं, "बकुळावती निर्दोष! बकुळावती निर्दोष!"

बकुळावती घरी आली. नदी दुथडी वाहत होती. आईनं आतूनच विचारलं, "कोण गं?"

साऱ्या कोष्टीवाड्याला ऐकू जाईल असं ती म्हणाली, "मी बकुळावती!"

तिचं नाव जसं सात वेशींवर उजळलं, तसं खोट्या आळाखाली दबलेलं प्रत्येक नाव उजळो.