गोगलगायीला दाखवलेलं पुस्तक

टप्.

भिवाबुवांनी पुस्तक मिटल्याचा तो आवाज जनार्दनाच्या कानांतून पुढं कितीतरी वर्षं गेला नाही. मोठा नव्हता. ओल्या अंगणात पिकला पेरू पडावा, एवढाच.

‘आणि तिला दाखवलंस का?’ भिवाबुवांनी विचारलं.

‘कुणाला?’

‘गोगलगायीला.’

जनार्दनाला आधी वाटलं, बुवा थट्टा करताहेत. पण बुवांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसायला घेतला होता. थट्टा करताना ते चष्मा काढत नसत.

भिवाबुवा मुलांसाठी चित्रांची पुस्तकं करत आणि करायला शिकवत. तळकोकणातल्या एका ओढ्याकाठी त्यांची शाळा होती. शाळा म्हणजे एक पडवी, काही बैठी मेजं आणि रंगांनी माखलेल्या वाट्या. शिकायला येणाऱ्यानं खेकडा म्हणा, खार म्हणा, एखादा जीव निवडायचा आणि त्याचं पुस्तक पुरं करूनच घरी जायचं.

बुवा स्वतः चौथीत शाळेतून उठलेले. जनार्दन प्राणिशास्त्रातला एम.एस्सी., तोही पहिल्या वर्गात. हे तो फारसं सांगत नसे. जेवताना, विहिरीवर, रस्त्यात कुणी वाट विचारली तर… असा सहज विषय निघाला तरच सांगे.

त्यानं गोगलगाय निवडली आणि तिच्यापायी रक्ताचं पाणी केलं. सकाळी ती भिंतीवरून निघते, अळूच्या वाफ्यात जाते, जग बघते, संध्याकाळी परत येते. पानोपानी चौकटी, चौकटींत माहिती. तिचे दात, तिचे डोळे, तिचा चिकट रस्ता, सगळं. बुवांची बहीण आक्का स्वयंपाकघर सांभाळी. तिनं पुस्तक चाळून एवढंच विचारलं होतं, की यात गोगलगाय आहे की हा पंचायतीचा फळा आहे.

आता पुस्तक दोऱ्यानं शिवून तयार होतं. संध्याकाळच्या एसटीनं ते पुण्याला प्रकाशकाकडे जायचं होतं. आज चुकलं असतं तर छापखाना दिवाळी अंकांना लागला असता आणि गोगलगाय पुढच्या वर्षावर गेली असती. पण भिवाबुवांनी ‘जाऊ दे’ म्हटल्याशिवाय त्या पडवीतलं पुस्तक प्रकाशक हातात धरत नसे.

आणि बुवांचा एक रिवाज होता. ज्याचं चित्र, त्याला दाखवायचं.

सगळ्यांनी तो पाळला होता. म्हशीचं पुस्तक करणारा सकाळपासून गोठ्यात उभा राहिला. म्हशीनं मुखपृष्ठ चाटलं आणि पुस्तक पास झालं. सुगरण पक्ष्याचं पुस्तक घेऊन एकजण बाभळीवर चढला आणि हात मोडून उतरला. तेही पास झालं. जनार्दन या गोष्टी ऐकून पोट धरून हसला होता. हे अडाण्यांसाठी असणार, असं त्यानं धरून ठेवलं होतं.

‘बुवा,’ तो समजुतीच्या सुरात म्हणाला, ‘गोगलगायीला चित्र दिसत नाही. तिच्या डोळ्यांना फक्त उजेड आणि अंधार कळतो. पान चौदावर दिलंय मी.’

बुवांनी चष्म्याची दुसरी काच पुसायला घेतली.

‘मग लाजतोस कशाला? दाखव.’

…

अळूच्या वाफ्यात एक गोगलगाय सापडली. जनार्दनानं पुस्तकातलं त्यातल्या त्यात कमी लाडकं, परतीचं एक पान उघडलं आणि तिच्यापुढं ठेवलं.

गोगलगायीनं शिंगं आत घेतली. मग डोकं आत घेतलं. मग ती सगळीच आत गेली.

जनार्दन उकिडवा बसून राहिला. पायांना मुंग्या आल्या. ओढ्यापलीकडं सकाळची एसटी गेली.

आक्का अळू कापायला आली. कोरड्या कागदावर ती कशी येईल, म्हणाली, आणि तांब्यातलं पाणी चित्रावर शिंपडायला निघाली. जनार्दनानं दोन्ही हात पसरून पुस्तक वाचवलं. जलरंग होते ते. आक्कानं मग एक ओलं पान कापून चित्राच्या पलीकडच्या कडेला ठेवलं, आणि शहाण्या माणसांना खाण्यातलं कळत नाही असं काहीतरी पुटपुटत निघून गेली.

बऱ्याच वेळानं शंखातून एक शिंग आलं. मग दुसरं.

गोगलगाय चित्रावर चढली.

तिच्यामागं चकचकीत पट्टा उमटत चालला होता, थेट त्याच्या चौकटीवरून. ‘हा चिकट स्राव’ इथपासून ‘कोरड्या पृष्ठभागावर’ इथपर्यंत सगळी अक्षरं तिनं ओली केली. तिला उचलावं तर रिवाज मोडतो. न उचलावं तर पुस्तक जातं. तो बघत राहिला. इतका वेळ एका गोगलगायीकडे त्यानं यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं. एम.एस्सी.ला वेळच मिळाला नव्हता.

चित्रातल्या गोगलगायीच्या शेजारी ती आली आणि थांबली.

दोन शंख शेजारी शेजारी.

खऱ्या शंखाची वळणं मधून निघून घड्याळाच्या काट्यासारखी फिरत बाहेर येत होती.

चित्रातली उलटी.

जनार्दनानं डोळे चोळले. तिला धक्का न लावता पुढचं पान जरासं उचकटून पाहिलं. तिथंही उलटी. त्याच्या पुढं उलटी. परतीचं प्रत्येक पान उलटं.

कसं झालं, ते त्याला लगेच उमगलं. जातानाची चित्रं त्यानं जीव ओतून काढली होती. परतीच्या वेळी कंटाळा आला. तेच कागद खिडकीच्या काचेला उलटे लावले आणि गिरवले; गोगलगाय आपोआप तोंड फिरवून मागं निघाली. या धंद्यात सगळेच असं करतात. खार अशीच परत येते, मांजर असंच परत येतं. पण खारीला वळण नसतं. शंखाला असतं.

डाव्या वळणाची गोगलगाय अगदी क्वचित सापडते, असं त्यानं स्वतःच एका चौकटीत लिहिलं होतं. त्या चौकटीखाली तीच चालली होती.

जाताना उजवी. येताना डावी.

खरी गोगलगाय तोवर कागद ओलांडून अळूच्या पानावर पोचली होती. जेवू लागली.

जनार्दन तिथंच बसला. बुवांची नजर अधू झालेली, त्यांना हे दिसलं नव्हतं. प्रकाशक चित्रांपेक्षा पानांची संख्या बघतो. मुलं तर लहानच असतात. न बोलता पुस्तक नेऊन ठेवलं, तर संध्याकाळी ते एसटीत बसेल आणि दिवाळीच्या आत दुकानात लागेल. वर त्याचं नाव असेल, नावापुढं पदवी.

आक्का परत आली. पसंत पडलं का तिला, विचारलं.

जनार्दनानं पुस्तक उचललं. आक्कानं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि चहा ठेवायला गेली.

…

बुवा पडवीत बसले होते.

‘काय म्हणाली?’

‘काही नाही.’

‘आणि तू?’

जनार्दनाची मान खाली गेली. मग त्यानं सगळं सांगितलं. काच, गिरवणं, कंटाळा. शंख उलटा काढणारा पहिल्या वर्गात पास कसा झाला, हेही त्यानं स्वतःच विचारलं. परतीची सगळी पानं नव्यानं काढावी लागणार होती. म्हणजे आजची एसटी गेली. दिवाळी गेली.

बुवांनी आपला चहा बशीत ओतला आणि बशी त्याच्यापुढं सरकवली.

एसटीला अजून बराच अवकाश होता.

‘दाखव बघू,’ बुवा म्हणाले.

जनार्दनानं शेवटचं पान उघडून धरलं. बुवांनी चष्मा चढवला आणि नाक कागदाला लागेपर्यंत वाकले. चित्रात लपतछपत संध्याकाळ उतरली होती. गोगलगाय डावीकडे निघाली होती. कोपऱ्यात भिंतीतलं एक बीळ होतं आणि बिळात, तिची वाट बघत, एक छोटा दिवा तेवत होता. दिवा फार सुरेख जमला होता.

‘कुठं निघालीय ही?’

‘घरी.’

बुवांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

…

ओढ्याचं पाणी ऐकू येत होतं.

‘तुम्हीच सांगितलं होतं, बुवा,’ जनार्दन म्हणाला. ‘शेवटी घरी पोचवायचं. म्हणजे मूल निवांत झोपतं.’

‘सांगितलं होतं,’ बुवा म्हणाले. ‘खारीचं.’

जनार्दनानं पुन्हा चित्राकडे पाहिलं. दिव्याकडे पाहिलं. मग गोगलगायीच्या पाठीकडे पाहिलं. तिथं त्यानं छाया-प्रकाश देऊन, एकेक रेघ ओढून तिचं घर रंगवलं होतं.

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

बशी तशीच राहिली. त्यानं पुस्तक उचललं, परतीची पानं जिथून सुरू होत होती तिथं शिवणीचा दोरा नखानं चाचपला, आणि अंगणाकडे चालू लागला.

‘जना,’ बुवांनी मागून हाक मारली, ‘कात्री आक्काकडे आहे.’