फटीचा ठराव

त्या रानात ढोल्या थोड्या होत्या आणि धनेश पुष्कळ.

धनेशांची वीण इतर पाखरांसारखी नसे. मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरे आणि आतून दार लिंपून घेई. माती नर आणून देई. भिंत पुरी झाली की चोच जाईल एवढी एक उभी फट उरे. मग मादी आत आपली उडायची पिसं गाळी, आणि त्यानंतरच अंडं देई. पिल्लं मोठी होऊन भिंत फुटेपर्यंत तिला बाहेर पडता येत नसे, उडता येत नसे. नराने फटीतून उंबर दिलं तर ती जगे, नाही दिलं तर मरे. भिंत अर्धी टाकून ती बाहेर आली, तर पोटातलं अंडं पोटातच विरून जाई. हे धनेशांच्या प्रत्येक लेकीला कुणी न शिकवता कळे.

म्हणून मातीचा शेवटचा गोळा लावायचा की नाही, हे आत बसणारी ठरवी. का लावला नाहीस, असं तिला कोणी विचारत नसे. आणि तिने तो लावला, की नराने उंबरं आणायची. तुला आणायची आहेत का, असं त्यालाही कोणी विचारत नसे.

रानाची एक पंचायत होती. सरपंच मोर होता. त्याने जन्मात कधी अंडं उबवलं नव्हतं. त्याच्याकडे पिसारा होता आणि पिसाऱ्याला वेळ लागतो. उपसरपंच कोकीळ होता. त्याच्या घराण्यातली सगळी अंडी कावळ्यांच्या घरट्यात वाढली, आणि त्यामुळेच बालसंगोपनाचा विषय त्याच्याकडे होता. कावळे शिपाई होते. धनेशांची एकही मादी पंचायतीत नव्हती, कारण पंचायत विणीच्या हंगामात भरे आणि त्या हंगामात त्या भिंतीआड असत. हे गैरसोयीचं आहे, असं पंचायतीला कधी वाटलं नाही.

भुरकी नावाची एक धनेश मादी होती. आदल्या हंगामात ती बेहड्याच्या ढोलीत बसली असताना तिचा नर डौल्या एका वडावरून दुसऱ्या नराशी भांडायला गेला आणि भांडण संपेपर्यंत परत आलाच नाही. वड त्याने जिंकला. तो फळं घेऊन आला तेव्हा ढोलीतलं पिल्लू गार झालं होतं, आणि भुरकी अर्धी उगवलेली पिसं घेऊन झाडाखालच्या पाचोळ्यात चालत होती. धनेश चालताना फार केविलवाणा दिसतो. पाचोळ्यातले किडे टिपत, मुंगसांना चुकवत, पंख येईपर्यंत ती जमिनीवर जगली, आणि ज्या दिवशी उडाली त्या दिवशी रानातल्या माद्यांनी आपापल्या फटीतून चोची बाहेर काढून तिला पाहिलं.

या वर्षी ती पुन्हा त्याच ढोलीत शिरली. डौल्याने माती आणली, चांगली ओली, चिकण. भिंत निम्म्याच्या वर गेली. मग भुरकी थांबली. तिने अर्ध्या भिंतीवरून मान बाहेर काढून रान पाहिलं. उंबरांना त्या साली फळ जेमतेमच धरलं होतं. ती बराच वेळ पाहत राहिली, मग भिंतीवरून पाय टाकून बाहेर आली आणि फांदीवर बसली.

"हे काय?" डौल्या म्हणाला. "गोळा आणलाय मी."

"ठेव. नाही लावायचा."

"म्हणजे?"

"म्हणजे या वर्षी नाही."

"अगं, पोटात अंडं आहे ना तुझ्या!"

"मला ठाऊक आहे कुणाच्या पोटात आहे ते," भुरकी म्हणाली.

डौल्या वाईट नव्हता. गेल्या वर्षीचं पिल्लू त्याचंही होतं, आणि त्याबद्दल त्याला कोणी दोन शब्द विचारले नव्हते. तो पंचायतीकडे गेला आणि म्हणाला, "तिने भिंत घातली तर मी उंबरं आणायचीच, मला हवं असो नसो. मग ती भिंत घालत नसेल, तर माझं काहीच नाही का? माती कुणाची होती?"

प्रश्न चांगला होता. पंचायतीला तो फारच आवडला, विशेषतः शेवटचा भाग.

त्या सभेला एक म्हातारा धनेश हजर होता. त्याच्या चोचीवरचं शिंग एका दुष्काळी वर्षी कड्यावरच्या उंबरासाठी धडपडताना तुटलं होतं, म्हणून त्याला मोडशिंग्या म्हणत. त्याची गोष्ट रानाला माहीत होती. त्याला यंदा पिल्लं नको होती. तसं त्याने आपल्या मादीला, पिवळीला, साफ सांगितलं होतं. पिवळीने ऐकून घेतलं आणि गोळा लावला. दोघांचं बोलणं तेव्हापासून बंद होतं, पण मोडशिंग्या रोज पहाट फुटताच निघे, दोन डोंगर ओलांडून फळ शोधी आणि फटीशी येई. तरुण नर त्याला हिणवत.

"काय काका, निघाली का हमाली?"

"निघाली."

"तुम्हाला विचारलंसुद्धा नाही म्हणे काकूंनी!"

"विचारलं होतं. मी नाही म्हटलं होतं."

"मग कशाला मरताय?"

"भांडण माझं पिवळीशी आहे," मोडशिंग्या म्हणे. "आतला तो बारका माझ्याशी भांडलेला नाही." आणि उडून जाई, कारण बोलायला चोच उघडली की त्यातलं फळ पडे आणि ते पुन्हा उचलायला खाली उतरावं लागे.

सभेत तो उभा राहिला आणि डौल्याला म्हणाला, "तुझं दुःख खरं आहे, पोरा. कुठेही नेऊन मांड, मी तुझ्या शेजारी बसेन. पण ते ढोलीत मावत नाही. तिथे एकीचीच जागा असते."

"काका, विषयाला धरून बोला," कोकीळ म्हणाला. "प्रश्न बाळाच्या हिताचा आहे. बाळांच्या बाबतीत आमच्या घराण्याने कधीच तडजोड केलेली नाही."

शिपाई कावळ्यांनी माना डोलावल्या. त्यांच्या घरी त्या वेळी उपसरपंचांचीच पोरं जेवत होती.

ठराव झाला. ज्याची माती त्याची ढोली. आणि भुरकीच्या ढोलीचं दार अंडं विरण्याआधी बंद करण्यात यावं.

कावळ्यांनी भुरकीला टोचत ढोलीत लोटलं. भिंतीचं काम पाकोळ्यांना दिलं गेलं, कारण मातीकामात त्यांचा हात धरणारं रानात कुणी नव्हतं. पाकोळ्या कड्यांना घरटी चिकटवतात. ढोली त्यांनी कधी आतून पाहिलेली नसते. त्यांनी मन लावून काम केलं. भिंत बाहेरून इतकी गुळगुळीत झाली की बेहड्याची साल कुठे संपते आणि माती कुठे सुरू होते ते कळेना. पाहायला रान लोटलं. मोराने पिसारा फुलवून भाषण केलं. अशी भिंत या रानात याआधी झाली नाही, असं तो म्हणाला, आणि ते खरंच होतं.

दुसऱ्या सकाळी डौल्या चोचीत उंबर घेऊन आला. तो खुशीत होता. या वेळी चुकायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. तो भिंतीशी बसला. वरून खाली आला, खालून वर गेला. मग दुसऱ्या बाजूने बसून पाहिलं. भिंतीला फट नव्हती.

उंबर फांदीवर ठेवून तो धावत पंचायतीकडे गेला. "सरपंच, फट राहिली!"

"कुठे राहिली? आम्ही तर पाहिली नाही," मोर म्हणाला.

"तेच सांगतोय. ठेवायची राहिली. ती खाणार कशी?"

मोराने कोकिळाकडे पाहिलं. कोकीळ म्हणाला, "दार बंद करण्याचा ठराव झाला होता. फटीचा ठराव झालेला नाही."

"मग आता करा!"

"आता सरपंचांची पिसं गळायला लागली आहेत. अशा अवस्थेत ते सभेला बसत नाहीत. पुढच्या बैठकीत विषय ठेवू. तू अर्ज तोंडी दिलास, तेवढं पुरे आहे."

"भिंत मीच फोडू का?"

"आपल्याच मातीला चोच लावणार?" कोकीळ म्हणाला. "मग हक्क कसला राहिला तुझा?"

डौल्या परत आला आणि उंबर उचलून भिंतीसमोर बसून राहिला. उंबर त्याच्या चोचीत मऊ पडलं. आतून ठकठक येत होती. आधी जोरात, मग थांबून थांबून. पाकोळ्यांची माती कड्यावरच्या वाऱ्याला टिकणारी होती. आतून एका चोचीला ती दाद देईना. डौल्याला ते ऐकवेना, आणि उठून जाववेना. पण चोच त्याने भिंतीला लावली नाही. रान पाहत होतं, आणि हक्क सोडताना कोणी पाहिलेलं त्याला चालणार नव्हतं.

मोडशिंग्या तिथूनच जात होता. पिवळीसाठी मिळालेलं दिवसातलं एकुलतं फळ त्याच्या चोचीत होतं. त्याने ठकठक ऐकली. फळ फांदीच्या बेचक्यात ठेवलं, भिंतीवर आडवा बसला आणि उरलेल्या शिंगाने धडका मारू लागला. शिंग तुटल्या जागेवरून पुन्हा फुटलं. रक्त चोचीवरून ओघळलं. खालून कावळे ओरडले, "ए म्हाताऱ्या! ठराव आहे!" त्याने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. चिरा पडल्या, एक ढेप निखळली आणि भिंतीत चोच जाईल एवढी फट झाली.

त्याने बेचक्यातलं फळ उचलून आत धरलं. ते ताबडतोब ओढलं गेलं.

मग आतून भुरकीचा घोगरा आवाज आला. "काका, पिवळीकाकूचं होतं ना हे?"

"तिला दुसरं शोधेन. एक दिवस शिव्या देईल. तेवढंच बोलणं तरी होईल." त्याने दम घेतला. "तुझं सांग. फट पुरे, की दार?"

असं विचारणारा त्या सबंध प्रकरणात तो पहिला होता.

"दार," भुरकी म्हणाली.

तो बाहेरून आणि ती आतून, दोघं भिंतीला भिडली. डौल्या शेजारच्या फांदीवर उंबर धरून बसला होता, आणि मातीचे तुकडे त्याच्या अंगावर उडत होते.

भुरकी बाहेर आली तेव्हा तिचे डोळे खोल गेले होते, पण तिने पंख झटकले तेव्हा सगळ्यांना दिसलं की उपाशीपोटी, अंधारात, बंद भिंतीआड तिने एकही पीस गळू दिलं नव्हतं. ती बेहड्याच्या शेंड्यावर जाऊन बसली. रडली की नाही ते खालून दिसलं नाही. अंडं तिचं तिच्यात विरत होतं, आणि त्याचा हिशेब तिने कुणाला दिला नाही. आसपासच्या ढोल्यांच्या फटींतून माद्यांच्या चोची बाहेर आल्या होत्या. एकही मागे गेली नाही.

तोवर पंचायत धावत आली होती. पिसं गळत असूनही सरपंच आले. "भिंत फोडलीत! ठराव मोडलात!" मोर किंचाळला. "ढोली डौल्याची आहे!"

"आहे ना," मोडशिंग्या म्हणाला. त्याच्या चोचीवरून अजून थेंब पडत होते. "मी कुठे नाही म्हणतो? पंचायतीने दिली, त्याची झाली." तो डौल्याकडे वळला. आवाजात टोमणा नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला. "जा, बाळा. बस आत. आम्ही सगळे मिळून लिंपतो. फट मी स्वतः ठेवतो. आणि उंबरं तुला मी आणून देईन, पिवळीला देतो तशी. रोज. शब्द आहे माझा."

खाली कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. म्हातारा शब्द पाळतो हे सगळ्यांना माहीत होतं.

डौल्याने पंचायतीकडे पाहिलं. कोकीळ दुसरीकडे पाहत होता. मोर म्हणाला, "हक्क आहे तुझा. जा."

तेव्हा डौल्या ढोलीच्या तोंडाशी आला. आत एका देहाला पुरेल एवढाच अंधार होता आणि त्याला गेल्या वर्षीचा वास येत होता. त्याने मान आत घातली. छाती टेकवली. मागून कावळे म्हणाले, "हां, आणखी थोडं." त्याने खरोखर जोर लावला, तो जायला निघाला होता, हे त्याच्या पायांवरून दिसत होतं. पण त्याने न सांगता त्याचे दोन्ही पंख आपोआप उघडले, बेहड्याच्या बुंध्याला दोन्हीकडून घट्ट टेकले, आणि काही केल्या मिटेनात.