बेडकीचं पान आणि तुंबलेली मोरी

घरामागे अळू. अळूखाली टिल्ली बेडकी. मोरीचं पाणी यायचं झुळझुळ झुळझुळ. अळू प्यायचा. पान डुलायचं. बेडकी सावलीत बसायची.

एक दिवस पाणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पान वाळलं. गळून पडलं. बेडकी उन्हात एकटी.

"अळूदादा, पान देतोस का?"

"कुठून देऊ? मोरी वाहील, तर फुटेन."

टुप टुप टुप. बेडकी मोरीकडे गेली.

"मोरीताई, वाहतेस का?
मोरी वाहेना, अळू फुटेना,
पान काही मिळेना."

"मी नाही वाहत. घशात दुधाची पिशवी अडकलीय. आई काढेल, तर वाहीन."

टुप टुप टुप. बेडकी आईकडे गेली.

"आई, उठतेस का?
आई उठेना,
मोरी वाहेना, अळू फुटेना,
पान काही मिळेना."

"मी नाही उठत. पिशवी माझीच गं. धुऊन मोरीच्या भिंतीला चिकटवली वाळायला, आणि विसरले. अशी कशी मी? पण बाळ तापलंय मांडीवर. ते निजेल, तर उठेन."

टुप टुप टुप. बेडकी बाळाकडे वळली.

"बाळा, निजतोस का?
बाळ निजेना, आई उठेना,
मोरी वाहेना, अळू फुटेना,
पान काही मिळेना."

"मी नाही निजत. डास चावतो. डास जाईल, तर निजेन."

टुप टुप टुप. मोरीत पाणी साचलेलं. काळं. घाण वासाचं. वर डास. गुंईं गुंईं.

"डासा, जातोस का?
डास जाईना,
बाळ निजेना, आई उठेना,
मोरी वाहेना, अळू फुटेना,
पान काही मिळेना."

"का जाऊ? पाणी तुंबलंय, माझं छान चाललंय. तू कोण सांगणार, वाळकुडे?"

बेडकीला रडू आलं. पान गेल्यापासून ती जेवलीच नव्हती. रडता रडता तोंड उघडलं. जीभ बाहेर आली.

लप.

डास गेला. लप लप. त्याची भावंडंही गेली.

डास गेला, बाळ निजलं. बाळ निजलं, आई उठली. आईनं पिशवी ओढली. भस्स. मोरी वाहिली. आईनं साबणानं हात धुतले. मोरीच्या तोंडाला जाळी बसवली. अळू घटाघटा प्याला.

पान मात्र लगेच आलं नाही. बाळाचा तापही लगेच उतरला नाही. बेडकी वाट बघत बसली. आईही.

आठव्या दिवशी पान फुटलं. इवलंसं. आई बाळाला कडेवर घेऊन आली. बाळ रोडावलं होतं.

"पान फारच लहान आलंय गं," आई म्हणाली.

"असू दे," बेडकी म्हणाली. "मावेन मी. मीही रोडावलेय."

आणि ती हळूच पानाखाली सरकली.