मागच्या गाडीतलं माणूस

“मग सांगा की वस्ताद, टोचनच्या गाडीचे ब्रेकपॅड किती टिकायला पाहिजेत?”

धाकू मिस्त्री बशीत चहा ओतत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“तुमचे किती टिकायचे?” जोतिरामने पुन्हा विचारलं.

“सहा म्हयने. पावसात त्याहून कमी.”

“आन् माझे बारा झाले. तरी निम्मे शिल्लक हायेत!”

असं म्हणून त्याने ट्रकच्या पुढच्या चाकांतून काढलेले पॅड बाकावर मांडले. “बघा. हातच्या कांकणाला आरसा कशाला?”

मिस्त्री चहा प्याले. सावकाश.

कुंभार्ली घाटाच्या पायथ्याला, पोफळीत, त्यांचं गॅरेज. घाटात बंद पडलेली गाडी लोखंडी दांड्याने आपल्या छोट्या ट्रकला जोडायची आणि खाली आणायची, याला टोचन म्हणतात. म्हाताऱ्याने चाळीस वर्षं तेच केलं. गेल्या वर्षी डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा ट्रकची चावी त्यांनी हेळवाकच्या या जोतिरामच्या हातात दिली आणि म्हणाले, “वर्षभर चालव. मग बघू, गाडी तुला द्यायची का विकून टाकायची.”

ते वर्ष आज संपत होतं.

जोतिरामला गाडी हवी होती, यात लपवण्यासारखं काही नाही. पण गाडीहूनही त्याला वस्तादाच्या तोंडून एक ‘शाब्बास’ हवं होतं. सहा वर्षं तो त्यांच्या हाताखाली होता, आणि ते एकदाही मिळालं नव्हतं. शिव्यांच्या बाबतीत मात्र मिस्त्रींचा हात सढळ होता.

मिस्त्रींनी एक पॅड उचलला, अंगठा फिरवून पाहिला.

“बोला की वस्ताद.”

“मागे कोण होता?”

“कुठं मागं?”

“वर्षभर गाड्या आणल्यास ना? त्यांच्यात कोण होता?”

जोतिराम बोटांवर मोजू लागला. “पांढरी जीप. बँकेच्या सायबाची लाल कार. त्यो भाजीचा टेम्पो, दोनदा. पाटणच्या लग्नाची…”

“गाड्या नाय विचारल्या.”

जोतिराम थांबला. त्याला कुणाचा चेहराच आठवेना. मिस्त्री त्याच्याकडे बघत राहिले, आणि खरं सांगायचं तर त्या बघण्यात राग अजिबात नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. घाटमाथ्यावरून उतरताना एक गाडी बंद पडली होती. कराडचे कोणी शेडगे, सोबत त्यांची आई.

“मी येतो,” मिस्त्री म्हणाले.

“तुमी? डोळे…”

“डॉक्टरनं म्हयन्यामागेच गाडी चालवायला सोडला मला. तू नाय सोडलास अजून.”

नवे पॅड चाकांत बसलेच होते. दोघं वर गेले.

इंजिनाचा पट्टा तुटला होता. इंजिन थंडगार. शेडग्यांच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, ट्रकच्या उंच केबिनमध्ये चढणं त्यांना शक्य नव्हतं. त्या मागच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिल्या.

मिस्त्रींनी दांडा स्वतः जोडला, पिना दोनदा तपासल्या. मग शेडग्यांना म्हणाले, “तुम्ही माझ्या शेजारी या.” आणि जोतिरामला म्हणाले, “तू मागे बस. स्टिअरिंग धर.”

“मी? वस्ताद, ट्रक मी चालवतो की.”

“मागे.”

जोतिराम बंद गाडीत जाऊन बसला. सहा वर्षांत तो त्या जागी कधी बसला नव्हता. तिथे नेहमी गाडीचा मालक असायचा.

ट्रक हलला. पहिल्या वळणाआधी मिस्त्रींनी हॉर्न दिला.

घाटातली ही जुनी खूण आहे. पुढच्याने हॉर्न दिला की मागच्याने ब्रेक दाबायचा. जोतिरामने दाबला. ब्रेक दगडासारखा घट्ट. इंजिन बंद असलं की ब्रेकला त्याची मदत मिळत नाही, हे त्याला पाठ होतं. पाठ असणं वेगळं. त्याने दुसरा पायही घातला, पाठ सीटला टेकवली आणि जवळजवळ उभा राहिला, तेव्हा कुठे गाडी आवरली.

पुन्हा हॉर्न. पुन्हा हॉर्न. पुढच्या ट्रकचे लाल दिवे काही लागेनात.

डाव्या हाताला दरी. मागून पुटपुटणं ऐकू येत होतं. जोतिरामच्या मांड्या थरथरायला लागल्या आणि कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला. पुसायला हात मोकळा नव्हता.

तिसरं वळण झालं. तिथे रस्ता जरा रुंद होता. मिस्त्रींनी ट्रक बाजूला घेतला, चाकांना दगड लावले.

जोतिराम दार उघडून जवळजवळ धावतच पुढे आला.

“वस्ताद, आवं काय चाललंय हे! सारखा हॉर्न! तुमी ब्रेकला पायच लावंना. मागं माझा जीव चालला की!”

“तुझ्यासारखी चालवली.”

“माझ्यासारखी?”

“वर्षभर ऐकतोय. तू घाट उतरायला लागलास की तुझा हॉर्न माझ्या अंगणात येतो. पॅड लय वाचतात रे. बघ, अजून गरमसुद्धा नाय झाले.”

जोतिराम खाली बघत म्हणाला, “समदे तसंच करत्यात. मागच्यालाबी पाय असत्यातच की.”

“असतात,” मिस्त्री म्हणाले. “तुझे कसे हायेत आता?”

जोतिरामने ट्रकच्या दाराचा आधार घेतला.

मिस्त्री मागच्या गाडीपाशी गेले आणि खिडकीतून हात जोडले. “माफी करा आई. याला एक गोष्ट शिकवायची होती. शहाण्याला शब्दाचा मार पुरतो म्हणतात. याला तीन वळणा लागली.”

म्हातारीने पदराने तोंड पुसलं. “रामरक्षा दोनदा म्हणून झाली माझी. आता तरी शिकला का?”

“अर्धा.”

“मग उरलेला शिकवा, पण बेतानं.”

मिस्त्री हसले. जोतिरामकडे वळून म्हणाले, “आता पाय मोकळे ठेव. नुसता स्टिअरिंग धर.”

ट्रक दुसऱ्या गिअरमध्ये घुरघुरत निघाला.

वळण दिसायच्या आधीच लाल दिवे लागले. बराच वेळ लागून राहिले. मागच्या गाडीला साधा धक्काही बसला नाही. जोतिरामचा पाय सवयीने ब्रेककडे गेला, पण तिथे त्याला काहीच काम नव्हतं. दुसऱ्या वळणाला तो पुन्हा गेला. तिसऱ्याला गेला नाही.

हॉर्न एकदाही वाजला नाही. समोरून येणाऱ्या एस.टी.ला मिस्त्रींनी हात तेवढा केला.

जोतिराम दरी बघू लागला. खाली पोफळीची कौलं दिसत होती. या घाटातून तो हजारदा उतरला असेल, पण कौलं त्याने आज पाहिली.

मग त्याला बँकेचे साहेब आठवले. खाली पोहोचल्यावर ते दगडावर बसले होते, पाण्याची बाटली हातात धरून, आणि ती त्यांना तोंडापर्यंत नेता येत नव्हती. जोतिराम तेव्हा मनात हसला होता. शहरी माणूस, घाट लागला असेल. लग्नाच्या गाडीतला तो मामा तर उतरल्या उतरल्या रस्त्याच्या कडेला ओकला होता. त्यालाही घाटच लागला, असं जोतिरामने चहाच्या टपरीवर सगळ्यांना रंगवून सांगितलं होतं.

त्यांना घाट लागला नव्हता.

त्याला लाज वाटली. कान गरम होईपर्यंत वाटली. समोर ट्रकच्या काचेतून म्हाताऱ्याचं पांढरं डोकं दिसत होतं, आणि त्याला त्या डोक्याची एकदम फार माया आली.

तेव्हा मागून आवाज आला.

त्याने आरशात पाहिलं. शेडग्यांच्या आईचं डोकं खिडकीला टेकलं होतं. तोंड जरासं उघडं. पिशवी मांडीवरून घसरली होती. त्या चक्क घोरत होत्या.

शेवटच्या दोन वळणांना जोतिरामने श्वासही जपून घेतला.

पोफळीत ट्रक गॅरेजसमोर थांबला. पुढच्या चाकांना तापलेल्या पॅडचा जळका वास येत होता. कालपर्यंत असा वास आला असता तर जोतिरामने कुणाच्याही नावाने बोटं मोडली असती. शेडगे उतरून हातपाय धुवायला नळावर गेले.

जोतिराम आवाज न करता गाडीतून उतरला आणि ट्रकच्या दाराशी येऊन उभा राहिला.

“वस्ताद…”

“हं.”

“गाडी विकून टाका. मला न्हाई जमलं.”

मिस्त्री खाली उतरले. त्यांनी जोतिरामच्या खांद्यावर हात ठेवला, आणि सहा वर्षांत पहिल्यांदाच तो हात तिथे जरा वेळ राहिला.

“न्हाई जमलं वस्ताद,” जोतिरामचा आवाज चढला, “वर्षभर मी लोकांना…”

मिस्त्रींनी ओठांवर बोट ठेवलं. मागच्या गाडीकडे मान वळवली. तिथे म्हातारी अजून घोरत होती.

“हळू बोल,” ते कुजबुजले. “असा कोण तुझ्या मागे झोपला ना… त्या दिवशी मला विचारत बसू नको. गाडी घेऊन परस्पर घरी जा.”